भागरथाबाईचा तरोटा

भागरथाबाई चालताना मान खाली घालून चालायची. गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाई मोठी लाजाळू आहे. लाजाळू वगैरे ती काही नव्हती. ती भाजी शोधत असायची.

नागपुरात इतवारीच्या पलीकडे, छोट्या रेल्वेच्या रुळांजवळ आमची गल्ली होती. घरोघरी हातमाग. पुरुष मागावर बसायचे आणि आम्ही बायका चरख्यावर कांड्या भरायचो, म्हणजे मागावर धावणाऱ्या धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायचो. भागरथाबाई आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. दोन घरांत एकच भिंत. ती कुहीकडच्या खेड्यातली. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही, गावी एक भाऊ. तीही आमच्यासारखीच कांड्या भरायची. पण उजाडलं की गल्लीतून नाहीशी व्हायची आणि ऊन अंगावर यायच्या सुमाराला ओटीत हिरवा पाला घेऊन परत यायची. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ, मधल्या दिवसांत घोळ नाहीतर काटेमाठ. विकत घेतलेली पालेभाजी तिच्या घरात मी कधी पाहिली नाही. गल्लीतली पोरं तिला तरोटेवाली बुढी म्हणायची. तेव्हा ती म्हातारी नव्हती, पण पोरांना सगळ्या सारख्याच.

आता ती आठवते तेव्हा पुष्कळदा अर्धीच दिसते. सकाळी सकाळी छोट्या गाडीचं इंजिन वाफ सोडून पुढे गेलेलं असायचं आणि ती वाफ रुळांकडेच्या गवतावर बसून राहायची. भागरथाबाई तिच्यात शिरली की कमरेखाली नाहीशी व्हायची. वर उरलेली बाई पाण्यात उतरल्यासारखी हळूहळू सरकत जायची. मधेच वाकली की पूर्ण बुडायची. मग बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी वर यायची. मी हंडा घेऊन नळावर रांगेत उभी असायचे. पाणी यायला वेळ लागायचा आणि दुसरं काही पाहण्यासारखं नसायचं. म्हणून मी तिलाच पाहायचे.

तरोटा म्हणजे काय भारी भाजी नव्हे. पाऊस पडून गेला की उकिरड्यावर, रुळांच्या खडीत, पडक्या जागी तो आपोआप उगवतो. कोवळा असेल तोवर खायचा. फूल आलं की संपला. सांज झाली की त्याची पानं जोडीजोडीने मिटतात. मिटलेला तरोटा भागरथाबाई तोडत नसे. एकदा दिवेलागणीला पाहुणे आले म्हणून मी तिला म्हटलं, चल, दोन मुठी घेऊन येऊ.

"आता नाही जमत. झोपला तो."

"पाल्याले काय झोप वं?"

"तुले जशी लागते तशी."

पाहुण्यांना मी पातळ वरण वाढलं.

खुडायचे तिचे नेम ठरलेले होते. शेंड्याची दोन पानं घ्यायची, तिसऱ्याला हात लावायचा नाही. रंगाऱ्यांच्या नालीकडे तर पाऊलही टाकायचं नाही. ती नाली एक दिवस लाल, एक दिवस निळी वाहायची आणि तिच्या काठाला तरोटा माजलेला असायचा. बाकीच्या बायका खुशाल तोडायच्या. खुडलेल्यातलं एक पान ती तिथेच तोंडात घालायची आणि डोळे मिटून उभी राहायची. किती वेळ! जिभेवर पान ठेवून ती कुठे जाऊन यायची कोण जाणे. गाडी शिटी देत जवळून गेली तरी डोळे उघडायचे नाहीत. मग एकदम म्हणायची, "इथला नाही चालत," आणि ओटी झटकून पुढे निघायची.

बुधवारच्या बाजाराला ती आमच्यासोबत यायची, पण घ्यायची मीठ नाहीतर मिरची. पालकवाल्यापुढे मात्र थांबायची.

"काय गा, हे पालक हाये का ओली गादी?"

"घ्याची असन तं घ्या बाई, नाही तं सरका. तुम्ही तं गवत खाता म्हणे."

"खातो ना. गवतानं अजून मले पाणी शिंपून फसवलं नाही."

आजूबाजूच्या बायका हसायच्या. पालकवालाही हसायचा आणि पुढच्या बुधवारी तिची वाट पाहायचा.

माझ्या सासूबाई मथुराबाई, त्यांना भागरथाबाईचं हे रानटी खाणं आवडत नसे. त्या ओट्यावर बसून बोलायच्या आणि भागरथाबाई आपल्या ओट्यावर बसून पाला निवडायची.

"भागरथे, तरोट्याले तं ढोर बी तोंड लावत नाही वं."

"म्हणून तं तुमच्याआमच्यासाठी उरते, बाई."

तिची भाजी मी शिकले ती पाहूनच. पाला तीन पाण्यांनी धुवायची. चण्याची डाळ आधी भिजवलेली. लोखंडी कढईत जवसाचं तेल, त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, मग डाळ आणि वर पाला. कढई भरून घातलेला पाला पाहता पाहता मूठभर होऊन बसायचा. वर झाकण ठेवून ती कान जवळ न्यायची. आत भाजी बारीक आवाज करत असते. तो आवाज बदलला की ती कढई उतरवायची. चमचा बुडवून पाहणं नाही, बोटाने डाळ दाबून पाहणं नाही. मी तसं करून पाहिलं तर माझी भाजी जळली. मला नुसतं चुलीचं ऐकू येत होतं.

हे सगळं ठीक होतं. गल्लीत अशा तऱ्हेवाईक बाया आणखीही होत्या. भागरथाबाई मला विसरता येत नाही ती दुसऱ्या गोष्टीमुळे.

त्या वर्षी फाल्गुनात आमच्या यांना मुदतीचा ताप आला. एकुलता एक मुलगा. सासूबाईंनी देवीला नवस बोलला, पोरगा उठू दे, येता चैत्र सोडून त्याच्या पुढच्या चैत्राच्या जत्रेपर्यंत माझं घर तेल-तूप खाणार नाही. ताप उतरला. मग कोण काय बोलणार? आमच्या घरात फोडणी बंद झाली. वरणात तूप आधीही नव्हतंच. भाजी मी पाण्यात उकडायची, पिळून घ्यायची, मीठ लावायची, झालं. उकडल्याचं पाणी मोरीत. पिळून टाकलं की तरोट्याचा उग्रपणा जातो, एवढंच मला माहीत होतं.

माझी मंदा तेव्हा सहा वर्षांची. वैशाखात तिला गोवर आला आणि गेला. गोवर जाताना पोरीचं अंगच घेऊन गेला, नुसती हाडं राहिली. आषाढ लागला तसं तिचं एक नवीनच सुरू झालं. सांज झाली की ती उंबऱ्यात बसून राहायची. उठ म्हटलं तर उठायची नाही. पाणी आण म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. एकदा रागावून उठवली तर चरख्यावर आपटली आणि भरलेल्या कांड्यांची टोपली मोरीत सांडली. दिवसभराची मेहनत ओली झाली. मी तिला मारलं. दुसऱ्या दिवशी रॉकेल भरून ठेवलेला कंदील लाथाडला, पुन्हा मारलं. पोरगी कामचोर निघाली असं मी चार जणींना सांगितलंही. आठ-दहा दिवस मी तिला रोज सांजेला मारत होते.

भागरथाबाई तिच्या ओट्यावरून बघायची. एका सांजेला ती आली, मंदापुढे उकिडवी बसली आणि गुळाचा खडा पुढे धरला.

"मंदा, घे वं गूळ."

मंदाने हात पुढे केला. खडा डावीकडे होता. मंदाचा हात भागरथाबाईच्या तोंडाकडे गेला, जिकडून आवाज आला तिकडे. मग ती हवेत बोटं हलवत राहिली.

भागरथाबाईने खडा तिच्या हातात ठेवला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "यशोदे, पोट्टीले मारू नको. तिले सांजचं दिसत नाही."

मी चरखा फिरवतच राहिले. थांबवून काय करायचं ते कळत नव्हतं. सूत तुटलं तेव्हा थांबले.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई मंदाला घेऊन दवाखान्यात गेलो. नर्सबाईने पापण्या वर करून पाहिलं, मला चांगलं झापलं. म्हणाली, वेळेवर आलात, नाहीतर पुढे दिवसाही दिसलं नसतं. तिने बाटलीतून चमचाभर औषध काढलं. सासूबाईंनी वाकून वास घेतला आणि मंदाच्या तोंडावर आपला पंजा दाबला.

"हे तं तेल हाये!"

"आजी, औषध आहे ते."

"पन तेलाचंच ना? माह्या पोराचा जीव हाये त्या नवसावर."

नर्सबाईने पुष्कळ समजावलं. हिला रोज हिरवा पाला द्या, पण तेलातुपात शिजवलेला. पाल्यात डोळ्यांना जे हवं असतं ते तेलाशिवाय अंगी लागत नाही. कोरडा उकडून द्याल तर निम्मं वाया. सासूबाई ऐकत होत्या, पण पंजा काढत नव्हत्या. चमचा तसाच राहिला आणि आम्ही घरी आलो.

सासूबाई वाईट नव्हत्या. मंदाला अंगाखांद्यावर त्यांनीच वाढवलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या आणि जेवल्या नाहीत. पण त्यांनी मुलाला पांढरा पडलेला पाहिला होता. आणि मी? मीही गप्प बसले. मला विधवा व्हायचं नव्हतं. एका हाताला पोरगी, एका हाताला नवरा, आणि मी कुठला हात सोडला ते मला माहीत आहे.

भागरथाबाईला मी सगळं सांगितलं. त्यानंतर ती दोन दिवस सकाळी भाजीला गेली नाही, खोलीतच बसून होती. रुळांकडेचं गवत दोन दिवस रिकामं दिसलं. मला वाटलं, हिला बरं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कमरेवर सूप घेऊन आमच्या दारात आली. सुपात काठोकाठ कोंडा. सूप उंबऱ्यावर ठेवलं आणि सासूबाईंच्या समोर बसली.

"मथुराबाई, ही पोट्टी मले विका."

आमच्याकडे चाल होती. ज्या घरात पोरं टिकत नाहीत, त्या घरातलं पोर कोंड्याच्या मोलाने शेजारणीला विकायचं. मग ते त्या घरचं राहत नाही आणि त्या घराची पीडा त्याला लागत नाही. आमच्याच गल्लीत असा एक कोंडीबा होता, चांगला मिशावाला. ही चाल सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. त्यांनी कितीदा तरी दुसऱ्यांना ती सांगितली होती.

सासूबाई सुपाकडे पाहत राहिल्या.

"कोंडा कशाचा हाये?"

"धानाचा. कुहीचा. भावानं पाठवला."

"जुना वाटते."

"पोट्टी बी काही तुकतुकीत नाही."

सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. "अन् नवस?"

"नवस तुमच्या घराचा. पोट्टी माही झाली तं तिले कायचा नवस? माही चूल काही देवीले बोलली नाही."

"तरोटाच चारशीन ना? जो पाला सोता सांजचा डोळे मिटते, तो हिचे डोळे काय उघडन वं?"

"मिटते म्हणजे मरते का? सकायी उघडते का नाही?"

आत मागाची खटखट थांबली होती, म्हणजे आमचे हे ऐकत होते. मग सासूबाई उठल्या, सुपातला कोंडा त्यांनी आपल्या ओटीत ओतून घेतला आणि देवाच्या फळीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "पोट्टी दिली." मंदाचा हात त्यांनी स्वतः भागरथाबाईच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

दुसऱ्या दिवशी भागरथाबाई मंदाला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सबाईने विचारलं, ही तुमची कोण? "माही हाये. घेतली," असं सांगून तिने चमचा पोरीच्या तोंडात रिकामा करवून घेतला.

भागरथाबाईने सगळं काटेकोर पाळलं. मंदा तिच्याकडे जेवायची, तिच्याकडेच निजायची. मी दिवसा तिची वेणी घालू शकत होते, पण घास देऊ शकत नव्हते. आमच्यात तीच एक भिंत. जेवायच्या वेळी भिंतीपलीकडून जवसाच्या तेलात पडलेल्या लसणाचा वास यायचा. आम्ही तिघं उकडलेलं खात बसलेलो असायचो. वास आला की तिघांचेही घास तोंडात थांबायचे. मग कोणीतरी पाणी प्यायचं आणि जेवण पुढे सुरू व्हायचं. पलीकडे दोघींचं बोलणं चालायचं, शब्द कळायचे नाहीत. नुसता गुणगुणल्यासारखा आवाज, भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज, मंदाचं हसू. मला ते दिवस झोपेत गेल्यासारखे वाटतात. चरखा माझ्या हाताने फिरत असायचा आणि मी भिंतीला कान देऊन दुसऱ्याच घरात असायचे.

सकाळी आता वाफेत दोघी जायच्या. मोठी कमरेपर्यंत बुडायची, लहान डोक्यापर्यंत. मंदाची जीभ हिरवी होऊन यायची. तीही पान तोंडात ठेवून डोळे मिटायला शिकली होती. दिवे लागायच्या वेळी भागरथाबाई तिला ओट्यावर घेऊन बसायची आणि काही विचारायची नाही. गल्लीतल्या बायका येऊन तीन बोटं नाचवायच्या, "मंदा, किती? मंदा, किती?" तर त्यांच्यावर खेकसायची, "जा वं, पोट्टी काय तमाशा हाये?"

नेमकं कधी दिसायला लागलं ते मला सांगता येणार नाही. एका सांजेला मी दारापुढच्या नालीवर भांडी घासत होते. अंधार पडत आला होता, मला राखेचा डबाही चाचपावा लागत होता. पलीकडच्या ओट्यावरून मंदा ओरडली, "आई, तुह्या पदराले भोक पडलं!"

मी पदर पुढे ओढून पाहिला. होतं, चवलीच्या नाण्याएवढं. दुपारी चुलीची ठिणगी उडाली असणार.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जुना कोंडा होता, पन कामाले आला." आणि तशाच देवाच्या फळीकडे गेल्या.

तेलाच्या औषधाने झालं की पाल्याने, असं मी नर्सबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, औषधाने उघडलं, पाल्याने टिकवायचं. भागरथाबाईला सांगितलं तर म्हणाली, "हाव. बरोबर बोलते ते पोरगी." नर्सबाई तिच्यापेक्षा फार लहान नव्हती.

चैत्राची जत्रा झाली. नवस फिटला. सासूबाईंनी पहिली फोडणी घातली आणि दोन सुपं कोंडा घेऊन पोरगी सोडवायला गेल्या.

"दोन काहून?" भागरथाबाई म्हणाली. "मी एकच देल्लं होतं."

"पोट्टी वाढली ना."

"घेऊन जा तुमची पोट्टी. कोंडा बी घेऊन जा. मी काय गाय हाव?"

कोंडा घेतल्याशिवाय सासूबाई मंदाला हात लावेनात. शेवटी भागरथाबाईने सुपातून एक मूठ उचलली, पुरे म्हणाली आणि मंदाला पाठीत हलकी थाप देऊन आमच्या दारात ढकललं. मग आत जाऊन दार लोटलं. त्या दिवशी तिच्या घरात चूल पेटली नाही. मी भाकरी नेऊन दिली तर घेतली, खाल्लीही, आणि भाकरी जाड झाली म्हणून मला सुनावलं.

पुढे पाचेक वर्षांनी हातमाग बसत चालले. यंत्रमाग आले तसं कांड्यांचं काम कमी झालं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. भागरथाबाईचे गुडघेही धरले होते. तिच्या भावाने निरोप पाठवला, इकडेच ये. तिने दोन दिवसांत सामान आवरलं. सामान म्हणजे कढई, चरखा आणि दोन लुगडी. चरखा गल्लीत देऊन टाकला.

मी आणि मंदा तिला पोहोचवायला छोट्या गाडीने गेलो. आश्विनाचे दिवस होते. गाडी इतकी हळू जायची की खिडकीतून हात काढला तर गवताची टोकं बोटांतून सरकत. भागरथाबाई सारा वेळ बाहेर पाहत होती. मधेच म्हणायची, "ते पाहा," आणि आम्ही पाहीपर्यंत ते मागे गेलेलं असायचं. तिच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा सांज झाली होती. दुसरं कोणी उतरलंच नाही. गाव धानाच्या पलीकडे, बांधाबांधाने जायचं. मी म्हटलं, घरापर्यंत येतो.

"काही नको. तुमची वापस गाडी चुकन. जा."

तिने मंदाची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि तिचे डोळे एकदा नीट पाहिले, बाजारात भाजी पाहायची तसे. मग कढईची गाठोडी डोक्यावर घेतली आणि बांधावर उतरली. वळून पाहणाऱ्यातली ती नव्हतीच.

आम्ही फलाटाच्या टोकाला उभ्या राहिलो. धानावर निळसर अंधार उतरत होता. आधी तिचे पाय मला दिसेनासे झाले, मग लुगडं, मग नुसतं काहीतरी काळं हलत होतं, आणि मग हलणंही थांबलं.

"चाल, गेली ते," मी म्हटलं.

"कुठी गेली?" मंदा म्हणाली. "ते काय जाऊन राहिली. दुसऱ्या बांधावर चढली आता."

मी डोळे ताणून पाहिलं. मला काही दिसलं नाही.

"थांबली," मंदा म्हणाली. "मधात पाणी आलं वाटते. चपला हातात घेऊन राहिली."

गाडीला अजून वेळ होता. मी मंदाच्या शेजारी उभी राहिले आणि ती सांगेल तिकडे पाहत राहिले.